चारशे ग्रॅमचा रुबाब

(कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावात, पहाटेचा चहा. हौशीच्या हातात कार्बनच्या दोन काठ्या. किमतीचं लेबल अजून लोंबतंय. विसरून की मुद्दाम, ते त्यालाच ठाऊक.)

हौशी : उचलून तर बघा! जोडी मिळून ४०० ग्रॅम. तुमची अ‍ॅल्युमिनियमची साडेपाचशे तरी असेल.

हिशेबी : असेल की. फरक १५० ग्रॅमचा. सॅकमधलं चार घोट पाणी प्यालात की फिटला.

हौशी : वा! पाणी पाठीवर असतं, काठी दर पावलाला उचलायची असते.

हिशेबी : हे बाकी बरोबर बोललात. हिमालयात आठ-दहा दिवस चालणाऱ्याच्या मनगटाला तो फरक कळतो. पण तुम्ही १,६४६ मीटर उंचीचं शिखर चढून संध्याकाळी घरी जाणार. त्यातही लोखंडी शिड्या आल्या की दोन्ही हात शिडीला आणि काठ्या सॅकला. शिवाय आपल्या वाटा दगडांच्या. टोक फटीत अडकलं, आपण पुढे गेलो, की काठीवर आडवा ताण येतो. अ‍ॅल्युमिनियम अशा वेळी वाकतं. वाकडी का होईना, काठी खाली उतरवते. कार्बन मानी. वाकायचा नाही, एकदम तुटेल.

हौशी : म्हणजे स्वस्तातली स्वस्त घ्यावी!

हिशेबी : तेही नाही. अगदी स्वस्त काठीत बहुधा पिळायचं लॉक असतं. आतला प्लॅस्टिकचा तुकडा फुगून नळीला धरतो. पावसाळ्यात आत पाणी आणि चिखलाची कचकच गेली की पकड सैल होते, आणि उतारावर भार टाकताच नळी सर्रकन आत. उतरताना गुडघ्यावरचा भार कमी व्हावा म्हणून तर काठी घ्यायची, आणि नेमकी तेव्हाच ती बसकण मारते! बाहेरून दाबायचं खटक्याचं लॉक बरं. सैल झालं तर दिसतं, स्क्रू आवळता येतो. थोडे जास्त पैसे मोजायचे तर तिथे. कॉर्कची मूठ घाम टिपते, तीही घ्या परवडली तर. त्यापुढचे पैसे वजनाचे, आणि (लेबलाकडे पाहत) याचे.

हौशी : मग त्या टपरीला टेकवलेल्या बांबूचं काय? त्याचं लॉक सरकत नाही वाटतं?

हिशेबी : नाही, कारण त्याला लॉकच नाही! पण चढाला आखूड, उताराला लांब करता येत नाही, आणि शिडीवर तो ठेवणार कुठे?

हौशी : (पडलेल्या आवाजात) मग ही परत करू?

हिशेबी : छे, आणलीय तर वापरा. दगडाच्या फटी टाळा, घरी गेल्यावर नळ्या सुट्या करून वाळवा. आणि पट्ट्यात हात खालून वर घालायचा असतो. तुम्ही वरून घातलाय.