थांबासाहेब

डावीकडून पहिलं पान पडलं आणि समोर डमी उघडली, की आमच्या जिमखान्यात ब्रिजच्या टेबलावर हमखास एक आवाज येतो, "थांबा!" खरं तर थांबायचं कुणालाच नसतं, खेळायची पाळी ओरडणाऱ्याचीच असते. पण हा शब्द त्यांना असा चिकटलाय की मूळ नाव आता फक्त वर्गणीच्या पावतीवर उरलंय.

त्यांचं तत्त्व मात्र सोळा आणे खरं आहे. कितीतरी डाव पहिल्याच हाताला बुडतात, कारण लोक पान आधी टाकतात आणि विचार मागाहून करतात. खात्रीचे हात मोजावेत, कमी पडणारे कुठून काढायचे ते बघावं, कुठला रंग आधी नि कुठला नंतर ते ठरवावं, आणि डमीत जायची वाट आपल्याच हातानं बंद करू नये. पंचाईत एवढीच, की हे सगळं ते लग्नातल्या बुफेलाही करतात. "आधी जिलबी. रांग पुढे सरकली की परत एंट्री नाही. मठ्ठा काय, शेवटीही मिळतो." मठ्ठा संपलेला असतो.

घाई करा म्हटलं तर ते २०१८ चं एशियाड काढतात. "जकार्ताहून ब्रिजचं सुवर्ण आणलं तेव्हा प्रणब बर्धन ६० वर्षांचे होते. मला कसली घाई?" पार्टनर म्हणून समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका असतात. आयुष्यभर वर्ग गप्प बसवलेल्या या बाईंना डमी झाल्यावर स्वतः गप्प बसावं लागतं.

परवा तीन नो ट्रंपची बोली लागली. नऊ हात हवे होते आणि नऊच्या नऊ समोर दिसत होते : इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का, चौकटचे एक्का-राजा आणि किलवरचे पाच. किलवरचे एक्का-राजा साहेबांच्या हातात, राणीपासून खालची पाच पानं डमीत, आणि तिथे पोचायला चौकटचा एकुलता एक एक्का. म्हणजे आधी हातातले दोन किलवर वाजवायचे, मग चौकटनं पलीकडे जायचं, की डाव संपला.

उतारी इस्पिकची झाली. "थांबा!"

त्यांनी सातचा नियम लावला. दोन्हीकडची मिळून इस्पिकची पाच पानं, सातातून पाच गेले की दोन, म्हणून दोनदा एक्का दाबून ठेवायचा. गरज अजिबात नव्हती, पण नियम तो नियम. मग बदामची बाहेरची सहा पानं ३-३ पडण्याची शक्यता ३६ टक्के आणि ४-२ ची ४८, यावर चिंतन झालं. बदामचा एकच हात हवा होता हो! शेजारचं टेबल दुसरा डाव खेळून मोकळं झालं.

अखेर गाडी हलली. दोन इस्पिक सोडले, तिसरा एक्क्यानं घेतला. किलवरचा एक्का, किलवरचा राजा. क्रम बिनचूक. मग हातातून चौकटची दुर्री. डावीकडच्या काकूंनी राणी टाकली आणि साहेब, डोक्यात अजून बदामाचे टक्के घोळत असताना, सवयीनं म्हणाले, "छोटं."

मुख्याध्यापिकाबाईंचा हात एक्क्यावर थबकला.

"छोटं म्हटलं ना!"

बाईंनी तिर्री टाकली. राणीनं हात घेतला, काकूंनी उरलेले दोन इस्पिक वाजवले आणि एक हात कमी पडला.

थांबासाहेब जराही हलले नाहीत. पानं गोळा करत म्हणाले, "प्लॅन मात्र अगदी बरोबर होता."

बाकी सगळ्या टेबलांवर हा डाव झाला, एका आजोबांचा तर चहा ढवळता ढवळता. मुख्याध्यापिकाबाई पुढच्या आठवड्यापासून रमीच्या टेबलावर बसणार आहेत. तेव्हा तुम्ही ब्रिज खेळत असाल आणि पार्टनर शोधत असाल तर जरूर कळवा. साहेब शनिवारी मोकळे असतात. येताना डबा घेऊन या.