स्टिअरिंग खासगी, तिकीट सरकारी

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत प्रवासी वाहतुकीच्या मालकीविषयी दोन संप्रदाय नांदतात, एक एसटीचा आणि दुसरा वडापचा. वडाप म्हणजे जिची सुटण्याची वेळ घड्याळावर नव्हे, तर सीटा भरण्यावर आणि त्या भरल्यानंतर उरलेल्या पोकळीवर ठरते, अशी खासगी जीप. वाटेत प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा हक्क, ज्याला टप्पा वाहतूक म्हणतात, तो मुख्यतः एसटीकडे असून इतरांना संपूर्ण गाडी एका गटाने ठरवून नेण्यापुरताच परवाना मिळतो. त्यामुळे तासगावहून विट्याला निघालेली, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेली चौदा माणसे कायद्याच्या दृष्टीने एकाच लग्नाचे वऱ्हाड ठरतात. या वऱ्हाडाने एसटी स्थानकापासून दोनशे मीटर दूर राहावे असा दंडक आहे, आणि तो दंडक नेमका कुठे संपतो हे वडापवाल्यांइतके मोजणीखात्यालाही सांगता येणार नाही.

एसटी मात्र १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावल्यापासून निर्विवादपणे सार्वजनिक आहे, असे मानण्याची प्रथा आहे. २०१७ साली आलेल्या शिवशाही या एसटीच्या बससेवेने या प्रथेची परीक्षा घेतली, कारण भाडेतत्त्वावरील शिवशाहीत गाडी आणि चालक खासगी मालकाचे, तिकीट एसटी महामंडळाचे आणि मोबदला किलोमीटरवर, अशी वाटणी झाल्याने सार्वजनिक व खासगी क्षेत्रांची सीमा चालकाच्या पाठीमागून जाऊ लागली. तिकिटावर प्रवासी कर घेणारे सरकार १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलतही देते आणि तिची भरपाई महामंडळाला देणे लागते. म्हणजे मालक, वसुलीदार आणि ऋणको या तिन्ही भूमिका एकच पात्र, वेशही न बदलता, वठवते. महामंडळाचे शासनात विलीनीकरण व्हावे म्हणून कर्मचाऱ्यांनी २०२१-२२ मध्ये कित्येक महिने संप केला, तेव्हा याच सरकारने खासगी वाहनांना प्रवासी वाहतुकीची परवानगी देऊन दोनशे मीटरांची अस्पृश्यता एका अधिसूचनेने धुऊन काढली, आणि एसटीला खरेच कोणी मालक आहे काय, ही कर्मचाऱ्यांची शंका अधिकच बळावली.

पाटण खोऱ्यात किंवा जतच्या पूर्व भागात रात्री गावात थांबून पहाटे परतणारी मुक्कामी गाडी, जिच्यात मोफत पासवरच्या शाळकरी मुली आणि पंचाहत्तरी ओलांडलेले फुकट प्रवासी यांचाच भरणा असतो, तिच्या फेरीवर वडापने अतिक्रमण केल्याची तक्रार मात्र ऐकिवात नाही.