सर्वार्थी पाव

काटकसर शिकावी ती ‘पाव’ या शब्दाकडून. पोर्तुगिजांबरोबर आला तो भट्टीतला पाव. संस्कृतातल्या ‘पादा’पासून आला तो चौथा हिस्सा, त्याची पावकी जुन्या शाळांत पोरांकडून घोकून घेत. सातपुड्यात याहामोगी माता नवसाला पावते, ते पावणं तिसरंच. वसईकडे तर भट्टीतला पाव विहिरीत पडला की पाणी पिणारे बाटले, असं जुनी माणसं सांगत. आता तो वड्याला पोटात घेऊन राज्यभर फिरतो आणि कोणीही बाटत नाही.

एवढा गुणी शब्द नुसता बेकरीत ठेवणं हा अन्याय आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी जन्म पावला, २०१८ मध्ये ‘आकांक्षित जिल्हा’ ही सरकारी पदवी पावला. तेव्हा नम्र प्रस्ताव असा की, इथल्या विकासकामांचे अहवाल यापुढे याच एका शब्दात लिहावेत. नमुना : ‘रस्ता मंजुरी पावला. निधी पाव आला. पूर्ण रकमेची पावती फाटली. ठेकेदार समाधान पावला. पहिल्याच पावसात रस्ता लोप पावला.’ भाषा शुद्ध, कागद कमी, चौकशीला वाव नाही.

अडचण एकच. याच जिल्ह्यातल्या धडगावच्या टपरीवर चहात बुडवायला पाव मागितला, तर तो मागितल्याबरोबर, पुरता आणि अर्जाविना मिळतो. प्रशासकीय परंपरेशी हे विसंगत आहे. शब्दकोशातून हा अर्थ तेवढा तातडीने वगळावा, ही विनंती.