मूळ प्रत आमचीच!

आप्पांना लेख लिहायला एक संध्याकाळ पुरते. तो दुसऱ्या कुणाला छापायला द्यावा की नाही, हे ठरवायला मात्र पंधरवडा लागतो.

असा एक गृहस्थ हल्ली सोसायटीगणिक सापडतो. आमचे आप्पा बँकेतून निवृत्त झाले, भाच्याने वेबसाइट काढून दिली आणि ‘अळूने घसा का खवखवतो?’ हा त्यांचा लेख गूगलच्या पहिल्या पानावर झळकला. तेव्हापासून ते माणसांत राहिले नाहीत. पूर्वी पहाटे फिरायला जात. आता उठल्या उठल्या इनकॉग्निटो विंडो उघडून आपला नंबर बघतात.

लेख चार ठिकाणी गाजावा ही हौस दांडगी. पण गूगलने मूळ प्रत आपलीच धरावी, हा घोर त्याहून मोठा. कुणी लेख मागितला, की मुलीला स्थळ सांगून आल्यासारख्या चौकश्या सुरू होतात. फरक इतकाच, की घराणं मोठं निघालं की आप्पा बिथरतात. “नक्कल दिसली म्हणून गूगल शिक्षा करतं, ही अफवा हो! ते फक्त सारख्या पानांचा गठ्ठा बांधतं आणि त्यातलं एकच दाखवतं. ते त्यांचं निघालं, तर आमच्या अळूने जायचं कुठे?”

म्हणून क्रम ठरलेला. लेख आधी स्वतःच्या साइटवर. सर्च कन्सोलमध्ये पान गूगलवर आल्याची हिरवी खूण दिसेपर्यंत तो घराबाहेर पडत नाही. मग मीडियम, तिथेही कॉपी-पेस्ट नाही, इम्पोर्टच करायचा, म्हणजे मूळ पत्ता सांगणारी कॅनॉनिकलची ओळ आपोआप बसते. लिंक्डइनवर ती सोय नाही. तिथे दोनच परिच्छेद. वाचणाऱ्याचा घसा नुकता खवखवू लागला, की ‘चिंचेचा उपाय माझ्या साइटवर’.

कॅनॉनिकल हे त्यांचं कुलदैवत. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ते जाहीर केलं, हे आप्पा अशा थाटात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, बैठकीत चहा यांनीच फिरवला. “पण ती नुसती सूचना ना? मानायची की नाही ते गूगल ठरवणार,” असं भाच्याने म्हटलं, की त्याला त्या दिवशी दुसरा लाडू मिळत नाही.

२०२३ मध्ये दैवतच डळमळलं. दुसऱ्याच्या साइटवर लेख दिलात तर कॅनॉनिकलवर विसंबू नका, त्यांनाच पान नोइंडेक्स करायला, म्हणजे गूगलच्या शोधातून वगळायला सांगा, असा सल्ला खुद्द गूगलने दिला. आप्पा रात्री जेवले नाहीत. सकाळी उठले ते नवा जप घेऊनच.

पुढे गावाकडच्या एका साप्ताहिकाने अळू मागितलं. आप्पांनी फोन स्पीकरवर टाकला.

“खुशाल छापा. मानधनही नको. फक्त साइटवर नोइंडेक्स ठेवा.”

“अहो, बारा पानी अंक आमचा. त्याला कसली अनुक्रमणिका?”

शेवटी संपादकांच्या मुलाने काम करून दिलं. आप्पांनी ते पान उघडलं, कंट्रोल-यू दाबून त्याचा कोड काढला आणि बोट ठेवत एकेक ओळ वाचत सुटले. रोबोट्सच्या ओळीवर बोट थांबलं. नोइंडेक्स! तरी खात्री म्हणून गूगलमध्ये साप्ताहिकाचं नाव घातलं, अळू घातलं, स्वतःचं नाव घातलं. साप्ताहिकाचं पान काही वर येईना.

“अगं, ऐकलंस का? अजिबात सापडत नाही!”

काकू हात पुसत बाहेर आल्या. “काय हरवलं आता?”

“माझा लेख!”

“मग एवढे खूश कशाने?”

“छापून आलाय, आणि कुण्णाला म्हणून सापडत नाही! अशी चोख प्रसिद्धी कुणाची झाली असेल तर दाखव!”