सीझन कधी संपणार?

माणकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ. भिवंडीच्या या पट्ट्यातल्या मोठ्या गोडाऊनमध्ये सर्व्हरला पॅच मारायचा विषय काढा, उत्तर ठरलेलं असतं: ‘‘सीझन संपू दे, मग बघू.’’ गणपती झाले की दिवाळी, दिवाळी झाली की लग्नसराई, मग मार्चअखेर. इथे सीझन संपतच नाही आणि पॅच राहतो तो राहतोच.

सायबर हल्ले हे बँकांचं दुखणं आहे, आपलं नाही, असं मानणाऱ्या मालकांनी २७ जून २०१७ आठवावा. त्या दिवशी ‘नॉटपेट्या’च्या सायबर हल्ल्यात जहाजवाहतूक करणारा मर्स्क समूह जगभर आडवा झाला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये उतरणारा आयातीचा बराचसा माल त्याच बंदरातून येतो. हा हल्ला ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक बंद करणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने त्याच वाटेने जगाला दणका दिला, तरीही असंख्य यंत्रं तशीच राहिली. मर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज होता २५ ते ३० कोटी डॉलर.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र पुढे आहे. नॉटपेट्या एका उघड्या यंत्रात शिरला की तिथले पासवर्ड चोरायचा आणि त्या पासवर्डने पॅच मारलेल्या यंत्रांतही घुसायचा. म्हणजे नव्याण्णव संगणक नीट ठेवले आणि गेटवर बारकोड छापणारा एक जुना राहून गेला, तर तो एकच पुरतो.

म्हणून पेनड्राइव्ह घेऊन गाळ्यागाळ्यात फिरणं बंद करा. ॲन्सिबल, पपेट, सॉल्ट ही साधनं एकाच जागेवरून सगळ्या यंत्रांना पॅच पोहोचवतात. ॲन्सिबल तर फुकट मिळतं. त्याला आधी सगळ्या यंत्रांची यादी द्यावी लागते. मग कुठला पॅच हवा, रीबूट कधी, नंतर काय तपासायचं, हे एका फाइलीत लिहायचं. त्या फाइलीत ‘सिरियल’ अशी एक ओळ टाकता येते. तिच्यापुढे १ लिहिलं की एका वेळी एकच सर्व्हर हाती घेतला जातो आणि तो फसला तर गाडी तिथेच थांबते, पुढच्याला हात लागत नाही. काम संपल्यावर हिशेब समोर येतो: किती बदलले, किती आधीच ठीक होते, किती फसले आणि किती यंत्रांपर्यंत पोहोचताच आलं नाही. हा शेवटचा आकडा रोखठोक विचारा. धोका तिथे असतो.

ती ‘सिरियल’ची ओळ गाळू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट एकदम सगळीकडे गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. साधन जितक्या वेगाने दुरुस्ती पोहोचवतं, तितक्याच वेगाने चूकही पोहोचवतं. आधी एका गोडाऊनचा सर्व्हर, एक दिवस चालवून बघायचा, मग बाकीचे. आणि हे साधन ज्या सर्व्हरवर बसतं, त्यालाही पॅच लागतो. २०२० मध्ये सॉल्टमध्येच गंभीर भोक सापडलं होतं.

आयटीच्या पोराला हे सगळं येतं. त्याच्याकडे नसतो तो वेळ, आणि तो देणं मालकाच्या हातात आहे. रात्री सर्व्हर दोन तास बंद ठेवायची परवानगी त्याला मिळत नाही. गाड्या लागलेल्या आहेत, ई-वे बिलं निघायची आहेत, माल अडेल, हेच कारण पुढे येतं. पण हल्ला झाल्यावर गाड्या दोन तास नाही, आठवडाभर उभ्या राहतील. वर सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला देणं २०२२ पासून बंधनकारक आहे.

मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्याच आठवड्यातली एक रात्र आजच ठरवा, लेखी द्या आणि माल कितीही असो, ती रात्र हलवू नका.