गॅरेजचं व्याकरण

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा कुठल्या गॅरेजात पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. वाटायला हवे होते. तिथे व्याकरणाची जी शिस्त पाळतात, ती विद्यापीठांच्या मराठी विभागांतही सापडायची नाही. पहिला नियम असा, की वाक्यात कर्ता येऊ द्यायचा नाही. पाना सटकतो, बोल्ट तुटतो, आटे जातात, वायर शॉट होते, क्लिप कुठेतरी पडते. माणसाचा हात कशालाच लागलेला नसतो. गाडीच्या वाट्याला मात्र क्रियापदांची खैरात. ती ऑइल खाते, पाणी पिते, मिसिंग मारते, चढाला दम सोडते आणि वर एका बाजूला ओढते. एवढे अवगुण ऐकून मालकाची मान शाळेत बोलावून घेतलेल्या बापासारखी खाली जाते. मग ‘हेड खोलावं लागेल’ हेही तो मुकाट्यानं ऐकून घेतो. हेड खोलल्यावर ‘आता खोललंच आहे तर बोअर पण करून टाकू’ हे वाक्य यायचं असतं, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नसते.

शब्दसंग्रह म्हणाल तर तो थेट संग्रहालयात ठेवण्याजोगा. वेल्समध्ये डेव्हिस नावाच्या दोन भावांनी १९०४च्या सुमारास मोटारीचं जादा चाक विकायला काढलं, कारण त्या काळी मोटारीबरोबर ते मिळतच नसे. दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. आपल्याकडे आजही कोणी ‘स्पेअर व्हील’ म्हणालं, तर पंक्चरवाला आधी त्याचे बूट बघतो आणि मग दर सांगतो. डिक्की ही मूळची मोटारीच्या मागची उघडी बैठक. तिच्यातले लोक पावसात भिजायचे. आपण माणसं काढली आणि सीएनजीची टाकी बसवली. सामान पूर्वीही मांडीवर होतं, आताही मांडीवरच आहे. अमेरिकेतल्या डेल्को कंपनीचं नाव जुन्या मेस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरला देऊन टाकलं, तो कुठल्याही कंपनीचा असो. हे सारं ‘चौदा-पंधरा दे रे’ म्हणताच न बघता नेमका पाना हातात ठेवणाऱ्या पोराला तोंडपाठ असतं. नवी गाडी घेणाऱ्या इंजिनीअरला नसतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात यातलं काही ऐकू येत नाही. तिथे मेस्त्री काचेपलीकडे असतो आणि अलीकडे असतो अ‍ॅडव्हायजर, हातात टॅब घेऊन. तो ‘कचरा आलाय’ असं कधी म्हणत नाही. ‘सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग रेकमेंडेड आहे’ असं म्हणतो. मागोमाग अंडरबॉडी कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन आणि शेवटी ‘कन्झ्युमेबल्स’. म्हणजे एक चिंधी आणि थोडा पॉलिश पेपर. वर जीएसटी. माझं मत विचाराल तर मी गॅरेजच्या बाजूनं आहे. ‘उद्या संध्याकाळी देतो’ म्हणजे उद्या संध्याकाळी गाडीला हात लागेल, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. अशा उघड थापेत एक प्रकारचा प्रामाणिकपणा असतो. टॅबवरच्या यादीत सगळं खरं असतं, फक्त कशाची गरज नसते.

तिसरी बोली गाडीवेड्या तरुणांची. स्टेज वन, रिमॅप, डाउनपाइप, टर्बो लॅग. यांच्या गाडीचा आवाज चौकात आधी पोचतो, गाडी मागून येते आणि त्यानंतर पोलीस येतात. कंपनीनं दिलेल्या रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. पण त्या कलमाला टॉर्क किती, हे कोणी सांगत नाही, त्यामुळे पोरं ते वाचत नाहीत.

खरी प्रतिभा पाहायची तर जुन्या गाड्यांच्या बाजारात जावं. ‘एमएच १२ पासिंग, सिंगल हँड, डॉक्टरची गाडी, लांबी कुठेच नाही.’ चार तुकड्यांत अख्खं चरित्र. लांबी म्हणजे पोचा बुजवायला भरलेला लेप. ती जिथे असते तिथे चुंबक चिकटत नाही. म्हणून जाणकार खिशात चुंबक घेऊन येतो आणि एजंट त्याला चहाला घेऊन जातो. मला कोडं पडतं ते डॉक्टरांचं. बाजारात डॉक्टरांच्या एवढ्या गाड्या आहेत की राज्यातला प्रत्येक डॉक्टर दर सहा महिन्यांनी गाडी विकत असला पाहिजे. तो ती फक्त घर ते दवाखाना चालवतो, तीही चाळीसच्या वेगानं, आणि घाट म्हणून त्यानं पाहिलेला नसतो. वकिलाची गाडी, कंत्राटदाराची गाडी, नगरसेवकाची गाडी अशी जाहिरात कोणी करत नाही. त्या गाड्या जातात कुठे?

मी माझी गाडी विकायला काढली तेव्हा एजंटानं भोवती एक फेरी मारली, दार दोनदा आपटून पाहिलं आणि २९-३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेता घेता विचारलं, ‘‘साहेब, करता काय आपण?’’

‘‘वर्तमानपत्रात लिहितो.’’

त्याचा चेहरा पडला. ‘‘ते नका सांगू कुणाला. घरात कोणी डॉक्टर?’’

‘‘एक मावसभाऊ होमिओपॅथ आहे.’’

‘‘चालतंय की,’’ तो म्हणाला आणि किंमत दहा हजारांनी वाढवली.