सेंटिमीटरभर जागा

आपल्या देशात मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेले पक्के ट्रॅक बोटावर मोजण्याइतके. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे, आणि 2011 साली फॉर्म्युला वन जिथे धावली ते ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. आमच्या ब्रह्मपुरीहून यातल्या कुठेही निघा, एक रात्र प्रवासात मोडतेच. तरी आमच्या गल्लीत सध्या ट्रॅकची गाडी तयार होते आहे. शेजारच्या काकूंचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो. तो सुट्टीत आला तो जुनी हॅचबॅक आणि तिच्या मापाचे नसलेले चार टायर घेऊन.

गाडीचं मूळ माप 185/65 आर 15. आणले ते 205/60. म्हणजे रुंदी वीस मिलिमीटरने जास्त. डिस्कची बैठक तीच ठेवली तर दहा आत, दहा बाहेर. दहा मिलिमीटर म्हणजे काय, बोटाची जाडीसुद्धा नाही. पण स्टेअरिंग पूर्ण वळवलं किंवा खड्ड्यात गाडी दबली, की तेवढ्यासाठीच टायर मडगार्डला घासतो. आणि खड्डे आम्ही कोणाला कमी पडू दिलेले नाहीत.

मडगार्डच्या कमानीला आतून पत्र्याची एक दुमडलेली कड असते. शिंप्याने शिवणीत माया सोडावी तशी कारखान्याने सोडलेली. ट्रॅकवाले ती कड वर दाबून सपाट करतात. चाक काढायचं, हबला एक दांडा बोल्टने कसायचा, त्याच्या टोकाचा रोलर कमानीवरून पुढेमागे फिरवत थोडाथोडा दाब वाढवायचा. घाई केली तर रंगाला तडे जातात, आणि तड्यातून पावसाळ्यात गंज आत शिरतो. म्हणून आधी रंग गरम करून मऊ करतात, त्यासाठी हीट गन लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 46-47 वर जातो आणि राज्यातलं सर्वात तप्त गाव म्हणून ब्रह्मपुरीचं नाव बातम्यांत झळकतं. डेंटर मिस्त्रींनी गाडी अकरापासून उन्हात उभी केली, स्वतः सावलीत बसले आणि म्हणाले, "अर्धं काम फुकटात होते न जी."

मग त्यांनी कमानीत हात घालून कड चाचपली. नाडी पाहणाऱ्या वैद्याचीही इतका वेळ तंद्री लागत नाही. "कापाची का वाकवाची?"

"वाकवायची. कापायची नाही."

"समोरचं मडगार्ड बोल्टवर हाये, बिघडलं तं दुसरं लावता येते. मागचं बॉडीतच वेल्ड केलं असते. थे कापलं का मंग घरच कापलं समज." थोडं थांबून, "टायर लहान काहून नाही घेत, बाप्पा?"

प्रश्न रास्त होता. रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर, अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात किती रबर टेकेल ते बरंचसं गाडीचं वजन आणि टायरमधली हवा ठरवते. रुंदीने त्या ठशाचा आकार बदलतो. तो आखूड आणि आडवा होतो, म्हणून वळणावरचा रेटा तो चांगला सोसतो आणि लवकर तापून लिबलिबीत होत नाही. हे कोरड्या डांबरावर. साचलेल्या पाण्यावर तोच टायर आधी तरंगायला लागतो, आणि बर्फावरच्या रॅलीत तर मुद्दाम अरुंद टायर घालतात. ब्रह्मपुरी-वडसा रस्त्यावर जुलैत कोणतं हवामान असतं, ते मी त्या पोराला सांगत बसलो नाही.

वेगाचं वेड या भागाला नवं नाही. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पाहत मोठी झालेली माणसं आहोत आम्ही; दिवसा पट, रात्री नाटक. पण पटाच्या छकड्याची रीत उलटी. तिथे काही वाढवत नाहीत, काढत जातात. धुरकऱ्याला टेकायला जागा उरली की बाकी सगळं ओझं. मला ही रीत जास्त पटते, खिशालाही. गंमत म्हणजे बैल आणि मडगार्ड दोघंही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले. 2014 मध्ये शर्यती बंद झाल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर सुरू झाल्या, 2023 मध्ये घटनापीठानेही मान्यता दिली. बैल सुटले. गाड्यांच्या बाबतीत मात्र जानेवारी 2019 च्या निकालाने बजावलं की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. रुंदी वाढवण्याची मुभा फक्त रेल्वेला असावी. नागपूर-नागभीड छोटी लाईन 762 मिलिमीटरची होती, ती 1676 ची करायला घेतली, आणि तिला कोणी आरटीओत बोलावलेलं नाही.

म्हणून पोराने मधला मार्ग काढला. रस्त्यावर मूळचे टायर, ट्रॅकवर पोचल्यावर रुंद. कड तेवढी वाकवून घेतली. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, हे पैसे मोजताना त्याला जरा लागलं असावं. मिस्त्रींनी चारही कमानींवरून तळवा फिरवून दाखवला, एक तडा नव्हता.

परतीच्या दिवशी नवीन अडचण निघाली. काकूंनाही महिनाभर पुण्याला जायचं होतं. पण चार टायर डिकीत मावेनात. दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर, आणि पुढच्या सीटवर जॅक, पान्यांची पेटी आणि हवा भरायचा पंप. काकूंनी सगळं शांतपणे पाहिलं, तांदळाची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "मी एसटीनं येते. मले अर्धं तिकीट हाये. तुह्या टायराले पुरं लागन."